वजन कमी करू पाहणाऱ्यांच्या नजरेतून ऑटो-सीपॅप

स्लीप अ‍ॅप्नियाचे (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचे) निदान झाले की रुग्णाला बहुधा एकाच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या जातात. रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाची हवा देणारे यंत्र, लावून झोपा आणि वजन कमी करा. या दोन सूचनांचा एकमेकींशी नेमका संबंध काय, हे समजावून सांगायला मात्र कोणाला फारसा वेळ नसतो, आणि मग रुग्ण तो संबंध आपल्या परीने जुळवतो किंवा यंत्राच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवतो. मी स्वतः ऑटो-सीपॅप नियमित वापरतो आणि त्याच काळात वजनही उतरवले आहे. त्यामुळे हे परीक्षण मी त्या एका प्रश्नाच्या अंगाने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. श्वासमार्ग खुला ठेवण्याचे काम हे यंत्र अत्यंत चोख करते. वजन कमी करण्याचे काम ते करत नाही, आणि ते आपोआप होईल असे सुचवणारी जाहिरात ग्राहकाची दिशाभूल करते. तरीही ज्याला वजन उतरवायचे आहे, त्याने एकाच ठरावीक दाबावर चालणाऱ्या साध्या सीपॅपपेक्षा स्वतःचा दाब स्वतः बदलणारे हे यंत्रच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याची कारणे समजण्यासाठी आजाराची रचना थोडी पाहावी लागते. जिभेच्या मुळामागच्या घशाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायू तो मार्ग ताणून उघडा ठेवतात, झोपेत ते सैलावतात, आणि मार्ग मुळातच अरुंद असेल तर श्वास आत ओढताना त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. हवा 10 सेकंद किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ पूर्ण थांबली की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात; प्रवाह बराच घटला आणि त्यासोबत रक्तातील ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली तर तो हायपोप्निया. अशा घटना तासाला सरासरी किती होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. प्रौढांमध्ये 5 पेक्षा कमी असेल तर सामान्य, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र, अशी त्याची वर्गवारी आहे. प्रत्येक घटनेनंतर मेंदू शरीराला क्षणभर जागे करतो, घसा उघडतो, मोठा घोरण्याचा आवाज येतो आणि झोप पुन्हा सुरू होते. सकाळी यातले काहीच आठवत नाही. आठवतो तो फक्त थकवा.

वजनाचा यातला वाटा ‘मानेवरची चरबी घसा दाबते’ एवढ्या वाक्यात संपत नाही. चरबी घशाच्या बाजूच्या भिंतींमध्ये साठते, तशीच जिभेतही साठते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या रुग्णांच्या एमआरआय प्रतिमा तपासून 2020 मध्ये असे मांडले की वजन घटल्याने अ‍ॅप्नियात जी सुधारणा होते, तिचा सर्वांत मोठा दुवा जिभेतील चरबी कमी होणे हा आहे. याखेरीज पोटाचा घेर वाढला की आडवे झाल्यावर छाती व पोट यांमधला पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसात हवा कमी मावते आणि श्वासनलिकेवर खालून असणारा ताण सैल पडतो. हा ताण घशाच्या नळीला सरळ व उघडी ठेवायला मदत करत असतो. म्हणूनच पोटाचा घेर कमी झाल्याचा परिणाम घशापर्यंत पोहोचतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

आकड्यांत सांगायचे तर अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधील एका दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. वजनात 10 टक्के वाढ झाल्यास एएचआय सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो आणि 10 टक्के घट झाल्यास तो सुमारे 26 टक्क्यांनी कमी होतो, असा अंदाज त्यातून निघाला. यातली घट मला नेहमी महत्त्वाची वाटते, कारण ती आशा देते आणि मर्यादाही दाखवते. एएचआय 40 असलेल्या माणसाने 10 टक्के वजन उतरवले, तर या हिशोबाने तो 30 च्या आसपास येईल. सुधारणा खरी आहे, पण रात्री यंत्राशिवाय झोपण्याइतकी ती नाही.

आता यंत्राकडे वळू. सीपॅपची मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी मांडली आणि 1981 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केले. नाकातून सौम्य दाबाची हवा सतत सोडली तर ती हवाच घशाच्या भिंतींना आतून आधार देते, इतके साधे ते तत्त्व आहे. यंत्र औषध देत नाही आणि सर्वसाधारण वापरात ऑक्सिजनही देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून, दाब देऊन पाठवते. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती यंत्रांमध्ये तो साधारणपणे 4 ते 20 च्या दरम्यान ठेवता येतो. साध्या सीपॅपमध्ये डॉक्टरांनी ठरवलेला एकच दाब रात्रभर चालतो. ऑटो यंत्रात किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. त्यांच्यामध्ये ते यंत्र प्रत्येक श्वासाच्या प्रवाहाचा आकार पाहून, घोरण्याची कंपने ओळखून दाब चढवते आणि घसा शांत राहिला की हळूहळू उतरवते.

प्रत्यक्ष वापरात हे बदल जाणवतात का? झोप लागल्यावर नाही. जागे असताना मात्र पाठीवर आणि कुशीवर झोपण्यातला फरक चांगलाच कळतो. पाठीवर झोपल्यावर जीभ मागे सरकते, यंत्राचा आवाज किंचित भरीव होतो आणि मास्क गालावर थोडा अधिक दाबला जातो. कुशीवर वळल्यानंतर काही वेळाने तो पुन्हा हलका होतो. सुरुवातीच्या दिवसांत याचे दडपण येते. श्वास सोडताना समोरून हवा येत असल्याने गुदमरल्यासारखे वाटते, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण यंत्र कपाटात ठेवून देतात. रॅम्प नावाची सोय येथे फार उपयोगी पडते. तिच्यामुळे दाब अगदी खालून सुरू होतो आणि झोप लागेपर्यंत सावकाश वाढतो. उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित कमी करण्याची सोयही बहुतेक यंत्रांत असते आणि ती चालू ठेवावी. दिवसा, बसून वाचताना किंवा काही पाहताना थोडा वेळ मास्क लावून राहिल्यास शरीर लवकर सरावते. पहिल्याच रात्री मास्क लावून थेट अंधारात आडवे होण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे.

परिणामांबाबत मला कोणताही संकोच वाटत नाही. घोरणे थांबले, रात्री लघवीसाठी उठणे जवळजवळ संपले, सकाळचे डोके जड असणे गेले. दुपारी बैठकीत डोळे मिटू नयेत म्हणून जी धडपड करावी लागत असे, तिची आता आठवणही होत नाही. श्वास खुला ठेवणे हे ज्या यंत्राचे एकमेव काम आहे, त्याने ते काम इतक्या निर्विवादपणे करावे ही मोठी गोष्ट आहे.

वजनाच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे आणि खरेदीआधी ते प्रत्येकाला ठाऊक असावे. मला यंत्रासोबत मिळालेल्या माहितीपत्रकात झोप सुधारल्याने वजन उतरू लागते अशा आशयाचे वाक्य ठळक अक्षरांत होते. त्यामागचे तर्कशास्त्र ओळखीचे आहे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे तरुण निरोगी पुरुषांवर शिकागो विद्यापीठात झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. दोन रात्री फक्त चार तासांची झोप मिळाल्यावर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक 18 टक्क्यांनी घटले आणि भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढले. मग झोप दुरुस्त केली की भूक कमी होईल आणि वजन उतरेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु सीपॅपच्या अनेक चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये केलेल्या विश्लेषणात निघालेले उत्तर याच्या उलट होते: सीपॅप वापरणाऱ्यांचे वजन सरासरीने थोडेसे वाढले. वाढ किरकोळ होती, पण दिशा वाढीची होती.

याचे कारण शोधताना उपचार न झालेली रात्र शरीरासाठी किती कष्टाची असते हे ध्यानात घ्यावे लागते. बंद घशाविरुद्ध श्वास ओढण्याचे श्रम, पुन्हा पुन्हा होणारी जाग आणि सतत चेतलेली संकटकालीन मज्जासंस्था, या सर्वांत ऊर्जा खर्च होत असते. यंत्राने हा संघर्ष संपवला की तो खर्चही संपतो. जपानमधील क्योटो येथे केलेल्या अभ्यासात, उपचार सुरू झाल्यानंतर विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च घटल्याचे दिसले. मात्र कोणाचे वजन वाढले आणि कोणाचे नाही, हे मुख्यतः त्यांच्या खाण्यावर ठरले होते. थोडक्यात, जुनेच जेवण आणि जुनीच हालचाल ठेवून केवळ यंत्र लावले तर काटा किंचित पुढे सरकू शकतो. यात यंत्राचा दोष नाही, आणि या कारणाने ते वापरणे थांबवणे तर अत्यंत चुकीचे ठरेल. परंतु वजन उतरेल या आशेने ते घेतलेला माणूस काही महिन्यांनी काटा पाहून निराश होतो आणि ज्या कामासाठी यंत्र आहे त्यालाही मुकतो. माहितीपत्रकातील त्या ठळक वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी.

मग वजनासाठी यंत्राचा उपयोग शून्य आहे का? तसे मुळीच नाही. उपयोग अप्रत्यक्ष आहे. दिवसभर झोपेने पेंगणारा माणूस संध्याकाळी चालायला जात नाही. त्याच्यात इच्छाशक्ती नाही असे लोक म्हणतात, घरचेही म्हणतात, आणि हळूहळू तोही तसेच मानू लागतो. प्रत्यक्षात त्याच्या स्नायूंना आणि मेंदूला रात्री विश्रांतीच मिळालेली नसते. यंत्र लावल्यानंतर मला पहिल्यांदा जाणवले ते हे की संध्याकाळी अंगात चालण्याइतके बळ शिल्लक आहे. ते बळ चालण्यासाठी वापरायचे की नुसते बसून राहायचे, हे यंत्र ठरवत नाही. रात्री उशिरा, थकव्यामुळे काहीतरी गोड किंवा तळलेले तोंडात टाकण्याची ओढही पुष्कळ कमी झाली, पण तिला आवर घालण्यासाठी जेवणाची वेळ आणि प्रमाण जाणीवपूर्वक बदलावेच लागले. ज्यांनी अद्याप आहारतज्ज्ञाकडे जाणे लांबणीवर टाकले आहे, त्यांनी यंत्राच्या खरेदीसोबतच ती भेट ठरवावी, कारण वजनवाढीचा धोका याच सुरुवातीच्या महिन्यांत असतो.

दोन्ही गोष्टी एकत्र का कराव्यात, याचे चांगले उत्तर 2014 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहे. लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या 181 जणांना तीन गटांत विभागून 24 आठवडे कोणाला फक्त सीपॅप, कोणाला फक्त वजन कमी करण्याचा कार्यक्रम आणि कोणाला दोन्ही दिले गेले. शरीरातील दाह दर्शवणारे सीआरपी, इन्शुलिनला होणारा प्रतिरोध आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड यांत सुधारणा झाली ती वजन उतरवणाऱ्यांमध्ये. फक्त सीपॅपने ती झाली नाही. मात्र ज्यांनी दोन्ही उपचार नेमाने पाळले, त्यांचा रक्तदाब एकेकट्या उपचारापेक्षा अधिक उतरला. हे वाचल्यावर ‘यंत्र की वजन’ हा वाद मला निरर्थक वाटू लागला.

आता ऑटो यंत्राचा आग्रह कशासाठी, ते सांगतो. वजन उतरू लागले की घशाला लागणारा आधारही कमी होऊ लागतो. यंत्राच्या अहवालात एक आकडा असतो: रात्रीचा 95 टक्के वेळ दाब ज्या पातळीवर किंवा तिच्याखाली राहिला, ती पातळी. माझ्या बाबतीत सुरुवातीला ती 12 च्या आसपास असे. शरीराच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा उतरेपर्यंत ती 9 च्या आसपास आली, आणि त्यासाठी मला कोणतीही सेटिंग बदलावी लागली नाही. साध्या सीपॅपवर तोच 12 चा दाब तसाच चालू राहिला असता. गरजेपेक्षा जास्त दाबाने मास्कच्या कडेने हवा फुटते, तोंड कोरडे पडते आणि हवा अन्ननलिकेत जाऊन सकाळी पोट फुगलेले राहते. मग पुन्हा भेट, पुन्हा दाबाची निश्चिती असे चक्र सुरू होते. वजन स्थिर राहणार असेल त्याला साधे यंत्र पुरेल. पण ज्याचे शरीर येत्या वर्षभरात बदलणार आहे, त्याने बदलाशी जुळवून घेणारे यंत्रच घ्यावे.

दाब जुळवून घेणाऱ्या यंत्राला मास्क मात्र जुळवून घेता येत नाही, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वजन उतरताना चेहराही उतरतो. गालांची भरीवता कमी झाली तशी नाकाच्या दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची कड उचलली जाऊ लागली, पहाटे डोळ्यांवर थंड हवेची बारीक धार येऊ लागली आणि डोळे लाल व कोरडे होऊ लागले. अशा वेळी पट्टे ओढून घट्ट करण्याचा मोह होतो, पण त्याने गळती थांबत नाही, नाकाच्या हाडावर खोल वळ मात्र पडतो. खरा उपाय म्हणजे मास्कची गादी एका मापाने लहान घेणे आणि पट्टे आडवे झाल्यावर, यंत्र चालू असताना, पुन्हा बेताने जुळवणे. विक्रेत्याने मास्कची मापे बदलून देण्याची हमी दिली आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. नाकापुरता मास्क, नाकपुड्यांत टेकणारे छोटे पिलो आणि नाक-तोंड झाकणारा पूर्ण मास्क यांपैकी निवड प्रत्येकाची वेगळी असते. तोंडाने श्वास घेण्याची सवय नसेल तर नाकापुरत्या मास्कपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते.

बाकीच्या बाबी थोडक्यात. आवाज इतका कमी आहे की शेजारी झोपणाऱ्याला घोरण्यापेक्षा तो नक्कीच सुसह्य वाटतो. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि टाकी रोज रिकामी करून वाळवावी. खोली गार असेल तर नळीत वाफेचे थेंब जमून नाकावर पडतात. गरम होणारी नळी घेतल्यास हा त्रास टळतो. फिल्टर वेळेवर बदलावा आणि गादी रोज सौम्य साबणाने पुसावी, कारण त्वचेचे तेल साचले की ती घसरते.

पडद्यावर सकाळी दिसणाऱ्या आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. यंत्र दाखवते तो एएचआय स्लीप स्टडीतल्या, म्हणजे रात्रभर झोपेची नोंद घेणाऱ्या वैद्यकीय तपासणीतल्या, आकड्याइतका पक्का नसतो. यंत्राला तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही. मेंदूच्या लहरी किंवा ऑक्सिजन ते मोजत नाही, केवळ हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधते. कुस बदलताना रोखलेला श्वासही कधी कधी घटना म्हणून नोंदला जातो. म्हणून एका रात्रीचा आकडा पाहून घाबरू नये वा आनंदूही नये. काही आठवड्यांचा कल पाहावा, वापराचे तास पाहावेत आणि गळती पाहावी. रात्री किमान चार तास वापराचा निकष सर्वत्र सांगितला जातो, पण तो नियमित वापर मोजण्यासाठी आहे; तेवढे तास पुरेसे आहेत असा त्याचा अर्थ नाही. पहाटेच्या स्वप्नाच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, त्यामुळे मध्यरात्रीनंतर मास्क काढून ठेवणारा माणूस नेमक्या धोक्याच्या वेळी उघडा पडतो.

वजन पुरेसे उतरल्यावर यंत्रातून सुटका होते का, हा प्रश्न प्रत्येक वापरकर्त्याच्या मनात असतो. काहींची होते. टाइप 2 मधुमेह असलेल्या 264 जणांवरील 2009 च्या चाचणीत, एका वर्षाच्या कडक आहार-व्यायाम कार्यक्रमाने सरासरी सुमारे 11 किलो वजन उतरवलेल्या गटात जवळजवळ 14 टक्के लोकांचा अ‍ॅप्निया पूर्णपणे नाहीसा झाला. तुलनेच्या गटात हे प्रमाण साडेतीन टक्के होते. अलीकडे वजन कमी करणाऱ्या टिर्झेपाटाइड या इंजेक्शनाने हे चित्र आणखी बदलले आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत 52 आठवड्यांनंतर एएचआय तासाला सुमारे 25 ते 29 ने उतरला, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत तो 5 च्या आसपासच उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या प्रौढांसाठी त्याला मान्यता दिली. मात्र त्या चाचण्यांतील लोकांचा सुरुवातीचा एएचआय 50 च्या घरात होता. त्यातून 25 किंवा 29 वजा केल्यावर उरणारा आकडा अनेकांसाठी अजूनही उपचार मागणाराच असतो. शिवाय ज्यांचा जबडा लहान किंवा मागे आहे, टॉन्सिल मोठे आहेत, त्यांना वजन आदर्श असूनही अ‍ॅप्निया असू शकतो.

त्यामुळे यंत्र बंद करण्याचा निर्णय काट्यावर किंवा यंत्राच्या पडद्यावर सोडू नये. यंत्र लावून मिळालेला 2 किंवा 3 चा एएचआय हा यंत्र काम करत असल्याचा पुरावा आहे, आजार गेल्याचा नव्हे. शरीराच्या 10 टक्क्यांच्या आसपास वजन उतरले की डॉक्टरांकडून यंत्राशिवाय पुन्हा स्लीप स्टडी करून घ्यावी. माझी अशी फेरचाचणी झाली तेव्हा आजार तीव्र गटातून मध्यम गटात आला होता, आणि उरलेल्या बहुतेक घटना पाठीवर झोपल्यावरच्या होत्या. यंत्र चालूच राहिले, कमाल दाबाची मर्यादा तेवढी खाली आणली गेली.

शेवटी, हे यंत्र कोणी घेऊ नये तेही स्पष्ट करायला हवे. हृदय निकामी होण्याचा विकार, फुफ्फुसांचा गंभीर आजार, मेंदूकडून श्वासाचा संदेशच न येण्याने होणारा सेंट्रल अ‍ॅप्निया किंवा अतिलठ्ठपणामुळे जागेपणीही रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याचा विकार असलेल्यांसाठी घरी स्वतःच दाब ठरवणारे ऑटो यंत्र योग्य नाही. वजन खूप जास्त असलेल्या रुग्णांमध्ये यातला शेवटचा विकार बऱ्याचदा लक्षात येत नाही. तेव्हा बीएमआय फार अधिक असेल आणि ऑक्सिजन जागेपणीही कमी राहत असेल, तर कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी रक्तातील वायूंची तपासणी आणि प्रयोगशाळेतील पूर्ण रात्रीची स्लीप स्टडी यांचा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा.